येते, ताई

एकदा एक अर्धंच वाक्य एका गावच्या पिठाच्या गिरणीतून बाहेर पडलं. झालं असं, की दळण चालू होतं, पट्टा फडफडत होता आणि त्या गोंगाटात दोन बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. तेवढ्यात वीज गेली. गिरणी थांबली, पण बोलणारीला आपला आवाज वेळेवर आवरता आला नाही, आणि रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, "...बालवाडीची खिचडी पोरांच्या पोटात जातच नाही गं, ती तर..."

एवढं बोलून ती बाई गप्प झाली. अंगावरचं पीठ झटकलं आणि दळण तिथेच ठेवून घरी निघून गेली.

वाक्य पुरं असतं तर गावाने ऐकून सोडून दिलं असतं. अर्धं राहिलं, म्हणून ज्याने त्याने ते आपल्या घरी नेऊन पुरं केलं. कोणी म्हणालं, ती तर म्हशींच्या आंबोणात जाते. कोणी म्हणालं, तांदूळच किडका येतो, पोरं थुंकून टाकतात. पण तिसऱ्या दिवसापर्यंत सगळ्या घरांत शेवट एकच झाला होता. खिचडी जाते ती कौतिकाबाईच्या डब्यात.

कौतिकाबाई म्हणजे बालवाडीची स्वयंपाकीण. एकटा जीव. दुपारी भांडी घासून झाली, की एक स्टीलचा डबा पदराखाली धरून ती घराकडे निघे. हे गाव चार वर्षं बघत होतं. आता मात्र तो डबा गावाला मोठा दिसू लागला.

ही बालवाडी गावाच्या टोकाला, वीटभट्ट्यांच्या जवळ होती. दिवाळी झाली की भट्टीवर दूरदूरची कुटुंबं येत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत जात. त्यांची तीन वर्षांवरची मुलं दिवसभर इथे असत. तीनच्या आतली मात्र आईजवळच राहत, कारण त्यांना सांभाळायला बालवाडीत माणूस नव्हतं. बावीस मुलं. दुपारी प्रत्येकाच्या ताटात एक डाव खिचडी, आठवड्यातून दोनदा मटकीची उसळ. मुलं घरून ताटली आणि एखादा लहान डबा आणत. अर्धं खाल्लं, अर्धं डब्यात घातलं, असं चालायचं. लहान पोटं आहेत, भूक लागेल तेव्हा खातील, म्हणून कोणी अडवत नसे.

बालवाडी चालवणारी मुलगी गावातलीच, बारावी झालेली, नव्या उत्साहाची. मुलं तिला ताई म्हणत, म्हणून मोठी माणसंही ताईच म्हणू लागली होती. तिने मुलांना एक गोष्ट फार मनापासून शिकवली होती. घरी निघताना उंबऱ्यापाशी थांबायचं आणि 'येते, ताई', 'येतो, ताई' म्हणायचं. कोणी चुकून 'जाते' म्हणालं तर परत बोलवायची. दिवसभर घसा बसलेला असे, पण ते बावीस निरोप ऐकले की तिचा शीण उतरायचा.

त्या हिवाळ्यात ताईच्या वहीत एक गोष्ट खटकत होती. दोन महिने मुलांची वजनं वाढली नव्हती. काही मुलांची तर उतरली होती. आणि आता हे गिरणीतलं वाक्य.

सरपंच एक छापील कागद घेऊन आले. "ताई, माझं काही म्हणणं नाही," ते म्हणाले. ज्यांचं काही म्हणणं असतं ते असंच सुरू करतात. "पण लोक विचारतात. यात लिहून दे, मुलांचा आहार पुरेसा आहे काय. पंधरा दिवस घे. पुरेसा नाही म्हणालीस तर स्वयंपाकाची बाई बदलू. पुरेसा आहे म्हणालीस तर पोरांच्या बरगड्या का दिसतात, ते तूच गावाला सांग."

भांडी घासता घासता कौतिकाबाई म्हणाली, "सरपंच, डबा बघायचाय ना? बघा की. उद्यापासून पदरही झाडून दाखवते. बाजूला लुगडं पण वाळत घातलंय, तेही बघा."

सरपंच लगबगीने बाहेर पडले.

ताई संध्याकाळी मोठ्या बाईंकडे गेली. मोठ्या बाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त शिक्षिका. ताईला अक्षरं त्यांनीच गिरवायला शिकवली होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे, शाळेमागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. काही अडलं की ताई अजून त्यांच्याकडे पाटी घेऊन आल्यासारखी येत असे.

मोठ्या बाई लसूण सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस मिळालेत ना? मग त्यातले पहिले आठ दिवस काहीही बदलू नकोस. नुसतं बघ."

"काय बघू, बाई?"

"ते सांगितलं तर तू तेवढंच बघशील."

ताई घरी आली. पण गावाचं बोलणं सोसून आठ दिवस नुसतं बघत बसणं तरुण माणसाला जड जातं. पाणवठ्यावर कोणी म्हणे, "काय ताई, तुझा पण वाटा आहे का डब्यात?" आणि हसे. दुसऱ्याच दिवशी ताईने नियम केला. बालवाडीतून अन्नाचा कणही बाहेर जाणार नाही. कौतिकाबाईचा डबा बंद, मुलांचे डबे बंद. इथे बसून खायचं, इथेच ताटली धुवायची, हात दाखवायचे आणि मग घरी.

मुलांनी डबे आणले होते, ते तिने गोळा करून फळीवर मांडले. शेवटचा डबा रविनाचा होता. रविना साडेचार वर्षांची, केस तांबूस, नाकात काळा दोरा. तिने डबा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. ताईला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

पाच-सहा दिवस गेले. गावात वाहवा झाली. ताटल्या चकचकीत, हात स्वच्छ, डाव भरून वाढलेला. सरपंच दारातून डोकावून म्हणाले, "हं, आता कसं." ताईचं मन मात्र खट्टू होतं. तिने पुन्हा मोठ्या बाईंचं दार वाजवलं.

"बाई, पोरं माझ्यावर रुसलीत."

"का गं?"

"डबे घेतले म्हणून. निघताना कोणी बोलत नाही. दिवसभर किलबिल असते, खाऊन झालं की तोंडं मिटतात. 'येते, ताई' म्हणायचं कुणाच्या जिवावर येतं. निम्मी पोरं नुसती बघतात आणि पळतात. एवढं काय केलं मी?"

मोठ्या बाईंच्या हातातली सुई थांबली. गोधडी शिवत होत्या त्या. सुई त्यांनी गोधडीत खोवून ठेवली. मग म्हणाल्या, "उद्या मी येते जेवायला."

दुसऱ्या दिवशी त्या आपली ताटली घेऊन आल्या आणि मुलांच्या रांगेत शेवटी मांडी घालून बसल्या. "मला पण एकच डाव, कौतिका. वर थेंब नको." कौतिकाबाईने वाढलं. त्यांनी सावकाश खाल्लं, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, "चांगली झालीय. मीठ बेताचं आहे. साडेचार वर्षांच्या पोटाला एवढी पुरावी."

ताईला हायसं वाटलं. तिला वाटलं, आता बाई तांदळाची कोठी बघतील, डाळीचा डबा उघडून बघतील, कौतिकाबाईला दोन प्रश्न विचारतील. मोठ्या बाई यातलं काहीच न करता उठल्या आणि उंबऱ्याबाहेर, चपला काढतात तिथे जाऊन उभ्या राहिल्या.

मुलं निघाली. ताई नेहमीसारखी दारात उभी होती. पहिलं मूल गेलं, दुसरं गेलं. एखादं पुटपुटलं, बाकीची गप्प. रविना आली. ताईने तिला खांद्याला धरून थांबवलं.

"रविना, काय म्हणायचं?"

रविनाने वर बघितलं. डोळे मोठे झाले, ओठ मिटलेलेच.

"आज बाई आल्यात बघायला. म्हण की. येते..."

रविनाने मान हलवली. डोळ्यांत पाणी तरळलं, पण ओठ हलले नाहीत.

"इतका हट्ट बरा नाही हं. तोंड उघड बघू."

"थांब." मोठ्या बाईंचा आवाज चिरका निघाला. ज्यांनी चाळीस वर्षं मुलांना विचारलं की उत्तर द्यायला शिकवलं, त्या मोठ्या बाईंनी आपल्याच ओठांवर बोट ठेवलं. ताईचा हात त्यांनी मुलीच्या खांद्यावरून काढला. मग त्या रविनासमोर वाकल्या, हात जोडले, आणि तिला वाट करून दिली. मुलगी धावत सुटली.

ताई गोंधळून बघत राहिली. चार वर्षांच्या पोरीला नमस्कार? आणि उत्तर न देण्याबद्दल?

"चल तिच्या मागे," मोठ्या बाई म्हणाल्या. "लांबून. आणि हाक मारू नकोस."

भट्टीवर धुराचा आणि ओल्या मातीचा वास होता. तीन बांबू उभे करून लुगड्याची झोळी बांधली होती. झोळीच्या सावलीत रविना उकिडवी बसली. तिने झोळीतल्या बाळाचं डोकं एका हाताने वर केलं. बाळ सव्वा वर्षाचं असेल, पण मान धरत नव्हतं. मग तिने आपल्या गालातून बोटाने खिचडी काढली, थोडी थोडी, आणि त्याच्या ओठांशी लावू लागली. एक गाल रिकामा झाला. मग दुसरा. बाळ चाटत होतं, मध्येच थांबत होतं. ती थांबायची, पुन्हा बोट लावायची. शेवटी तिने बोट आपल्या झग्याला पुसलं, चाटलं नाही.

विटांच्या साच्यात मातीचा गारा थापणाऱ्या तिच्या आईने मान वर केली आणि तिला ताई दिसली. ती चिखलाचे हात तसेच घेऊन धावत आली.

"ताई, नाव नका काढू तिचं पटावरून. आम्ही शिकवलं नाही तिला. तिची तीच आणती."

"कधीपासून?"

"मला दूध राहिलं नाही तवापासून. आधी डब्यात आणायची. मी पाण्यात कालवून पाजायची, दोन वेळची व्हायची बाळ्याला. आता डबा घेतला ना तुम्ही." ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती. "गालात किती मावतंय, ताई?"

 ताई तिथेच विटांच्या थप्पीवर बसली. मोठ्या बाई तिच्या शेजारी बसल्या आणि हळू बोलू लागल्या.

"बहात्तर साली दुष्काळ पडला तेव्हा मी नोकरीत नवी होते. शाळेत सुकडी यायची, मुलांसाठी सरकारी कोरडा खाऊ. मुलं ती कागदात बांधून घरी न्यायची. मला वाटलं, मुलांसाठी आलेलं मुलांच्याच पोटात गेलं पाहिजे. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. इथेच खा, मग घरी जा. चार-पाच दिवसांनी शाळा सुटतानाच्या प्रार्थनेला एक मुलगी ओठ हलवीना. मी तिची हनुवटी धरली आणि म्हटलं, तोंड उघड. तिने उघडलं. माझ्या तळहातावर सुकडी पडली आणि थोडी जमिनीवर. ती मुलगी रडली नाही गं. खाली बसली आणि जमिनीवरची गोळा करू लागली. घरी तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, हे मला नंतर कळलं. तेव्हापासून एखादं मूल बोलेनासं झालं, की मी आधी त्याचे गाल बघते."

ताईने झोळीकडे बघितलं.

"तू डाव मोजलास, ताटल्या मोजल्यास, मुलं मोजलीस. त्यात तुझी काही चूक नाही. पण एकेका ताटलीवर घरची किती तोंडं बसलेली असतात, ते या पोरीने मोजलं होतं. तिला आकडे येत नाहीत. अर्धं मला, अर्धं त्याला, एवढा तिचा हिशेब होता. आपण दोघींनी तो मोडला. मी तेव्हा, तू आता."

त्याच दुपारी दोघींनी बाळाला आईसकट गावच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सने बाळाचा दंड चिमटीत धरून बघितला आणि तालुक्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. ताई आणि मोठ्या बाई सोबत गेल्या. दवाखान्याच्या बाकावर तिने मोठ्या बाईंना विचारलं, "सहा दिवसांत एवढं होतं का, बाई? की आधीचंच असेल?"

"आधीचंही असेल. तुझ्या सहा दिवसांचंही असेल. किती कशाचं, हे कुणालाच सांगता यायचं नाही. ते न कळणं आता तुझ्याजवळ राहील. माझ्याजवळ आहे ना अजून, तसंच."

बाळाला दवाखान्यात ठेवून घेतलं. आई आणि रविना तिथेच राहिल्या. ताई परत आली आणि दुसऱ्या दिवशी तिने फळीवरचे डबे उतरवून ज्याचे त्याला दिले. रविनाचा तेवढा फळीवर राहिला. कौतिकाबाई न सांगता प्रत्येकाला दीड डाव वाढू लागली. पुढे तांदूळ कमी पडेल तेव्हा बघू, म्हणाली. त्या दिवशी बालवाडी सुटताना पुन्हा आवाज झाला. एकवीस वेळा. ताईने मोजलं.

मुलं गेल्यावर कौतिकाबाई पातेलं घेऊन समोर बसली. "ताई, एक राहिलंय. गाव अगदीच खोटं बोलत नव्हतं. पातेल्याच्या तळाची खरवड मी न्यायचे, ते तुम्हाला ठाऊक होतं. पण कधी कधी वरचा एखादा डावही घातलाय मी डब्यात. एकटीसाठी संध्याकाळी चूल पेटवायला जीव होत नाही."

"रोज?"

"रोज नाही. पण नाही असंही नाही. लिहा तुम्ही. खरं आहे ते."

ताईने लिहिलं. त्याखाली तिने बावीस मुलांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे, भट्टीवर हिंडून विचारून आणलेली, घरातल्या लहान तोंडांची संख्या. कागद पुरला नाही, म्हणून वहीचं पान जोडलं. 'आहार पुरेसा आहे काय' यापुढची जागा मात्र तिला भरता येईना.

पंधराव्या दिवशी दुपारी सरपंच कागद न्यायला आले. मुलांची पंगत बसली होती. त्याच दिवशी, पाच दिवसांनी, रविना आली. केसांना तेल लावलेलं, वेणी घट्ट. आपल्या जागी बसली. कौतिकाबाईने दीड डाव वाढला. रविना खाली मान घालून खाऊ लागली. खातच राहिली. तिने ताटली संपवली, कडेचं शीत बोटाने टिपलं आणि बोट चाटलं.

"बघ, ही पोर बघ," सरपंच म्हणाले. "ताटली आरशासारखी. अगं, पुरतंय की."

क्षणभर ताईलाही बरं वाटलं. रविनाने सगळं खरंच गिळलेलं ती पहिल्यांदाच बघत होती. मग तिची नजर रांगेवरून फिरली. प्रत्येक मुलाच्या गुडघ्याशी डबा होता. रविनाच्या गुडघ्याशी काही नव्हतं. तिचा डबा फळीवर तसाच होता; आता तो कोणासाठी न्यायचा नव्हता.

कौतिकाबाईने ते आधीच पाहिलं असावं. तिच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच धरलेला होता, आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"मग काय ते गिरणीतलं?" सरपंच विचारत होते. "खरं की खोटं?"

"अर्धं खरं होतं," ताई म्हणाली. "पोटात जात नव्हती, ते खरं."

"मग कुठे जात होती?"

ताईने कागद त्यांच्या हातात दिला. ते खिशातून चष्मा काढून वाचू लागले, आणि वाचता वाचता पायरीवर बसले.

मुलं निघाली. डबे छातीशी धरून एकेक जण उंबऱ्यापाशी थांबत होतं. येतो, ताई. येते, ताई. सगळ्यांत शेवटी रविना आली. तिचे हात मोकळे होते. तिने वर बघितलं आणि शिकवलं होतं तसं, स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली,

"येते, ताई."

 ताईने हात जोडले आणि वाट करून दिली.